सातवी पेटी

बोहिनच्या खोऱ्यात, अक्रोडाच्या झाडाला
झाल्का तराजू टांगते.
ऑक्टोबरचा पहिला रविवार, गवतावर दव अजून पांढरं.
ओझ्बेय येईल पेट्या उचलायला,
दर वर्षीसारखा उशिरा.

त्याआधी ती एकटीच खोपीत जाते
आणि सातवी पेटी घेऊन येते,
हलकी, काखेत मावेलशी.
दर्शनी फळीवर कुण्या पणज्यानं रंगवलेलं चित्र:
कोल्हा शिकाऱ्याची दाढी करतोय.
साबणाचा फेस उडून गेलाय, वस्तरा शाबूत.
आत काही नाही.
अकरा वर्षं झाली, आत काही नाही.

त्या साली छपराला नव्या फळ्या हव्या होत्या
आणि लिंडन नको तेवढी फुलली होती.
तिनं एक चौकट काढली, मग आणखी एक,
मग, साखरेचा पाक देईन की नंतर, म्हणत
शेवटचीही.
पाक द्यायचा राहिला. बर्फ लवकर पडलं.
मार्चमध्ये उघडलं तर करड्या माश्या
रिकाम्या घरांत डोकी खुपसून
ओळीनं मेलेल्या,
तळाशी काही उरलंय का
हे शेवटपर्यंत बघत असल्यासारख्या.

छप्पर अजून गळत नाही.
हेही ती सांगते, कुणी विचारलं नसताना.

पुढच्या शरदात तिनं कशालाच हात लावला नाही.
बोट बुडवून चाटलंसुद्धा नाही.
वाटलं, हेच प्रायश्चित्त.
पण तो मध स्प्रूसवरचा, काळा;
थंडीत घरांतल्या घरांत दगड झाला,
आणि भरल्या कोठारात दोन पेट्या उपाशी गेल्या.
ओझ्बेय फार बोलत नाही. तो म्हणाला,
"पहिल्या वेळी तू माश्यांना विसरलीस.
दुसऱ्या वेळीही."
सेंट मार्टिनच्या सणापर्यंत तिनं त्याला दारात उभं केलं नाही.

मग एका रात्री सातवी पेटी जाळायला म्हणून
ती चुलीपाशी घेऊन बसली.
लार्चचं लाकूड, तासभर छान जळलं असतं.
काय वाटलं कुणास ठाऊक,
हातात तोलून पाहिली.

माझ्या भाषेत याला शब्द आहे.
तिला सांगता आला नाही,
आमच्या दोघींत नुसतं मोडकं जर्मन.
वाणी रिकामं भांडं आधी पारड्यात ठेवतो,
समोर तेवढंच वजन घालतो,
म्हणजे भांडं तेलाच्या भावानं विकलं जाऊ नये.
त्याला धडा करणं म्हणतात.
शाळेच्या पुस्तकात असायचे तेही धडेच.
पन्नाशी उलटेपर्यंत
दोन्ही शब्द एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते मी.

तर एका पारड्यात सातवी.
दुसऱ्यात पहिली, जिवंत, गुणगुणती.
लाकडातून लाकूड वजा.
उरतो तो मध, आणि माश्या;
त्यातलं आपलं किती, हे काटा सांगत नाही.
ते तिला ठरवावं लागतं,
दर पेटीपाशी नव्यानं.
अजूनही चुकतं. गेल्या साली चौथीतून जरा जास्तच निघालं.
हरकत नाही, म्हणाली.
मग थोडं थांबून: आहे, थोडी आहे.

मे महिन्यात बहिणीचं पत्र आलं, क्रान्यहून,
आईच्या घराबद्दल.
पूर्वी तिनं उभ्याउभ्या उत्तर दिलं असतं.
तसं एकदा दिलं होतं; नऊ वर्षं त्या दोघी
एकमेकींचे वाढदिवस विसरल्याचं नाटक करताहेत.
या वेळी पत्र एप्रनच्या खिशात ठेवून
ती खोपीत गेली. बराच वेळ.

काय ठरवलं, मला माहीत नाही.
बाहेर आली तेव्हा अंगाला जुन्या मेणाचा वास होता
आणि बाहीला चिकटलेला
कोल्ह्याच्या शेपटीचा
एक लाल टवका.